पाळीव प्राण्यांच्या दुकानांवर बंदी : न्याय कोणाला, अन्याय कोणावर?

गेल्या नाताळच्या सुट्टीतील गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीतून बाहेर पडत असताना आपल्या धर्मग्रामातील एक तरुण माझी वाट पाहत उभा होता. त्याचे रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावर पाळीव प्राण्यांचे छोटेसे दुकान आहे. काचेच्या टाक्यांतील रंगीत मासे, पिंजऱ्यांतील लव्हबर्ड्स, कुत्र्यामांजरांचे खाद्य, आणि गिऱ्हाइकाने सांगितल्यास लॅब्रॅडॉर किंवा पोमेरेनियन जातीचे पिल्लू. त्याची धाकटी बहीण न्यूयॉर्क राज्यात परिचारिका आहे. तिने फोनवर सहज सांगितले होते, "दादा, इथे असतास तर तुझा धंदा सरकारने बंद केला असता." त्या वाक्याने या भल्या मुलाची झोप उडवली होती. "फादर," तो म्हणाला, "मी करतो ते पाप आहे का?"

कुंपणाशी उभ्या उभ्या द्यावे असे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. "विचार करून सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. नंतर वाचन करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हा प्रश्न एका दुकानापुरता नाही. गेली वीस वर्षे अमेरिका आणि युरोपातील विधिमंडळे, न्यायालये आणि सामान्य मतदार त्यावर वाद घालीत आहेत. आपल्या देशातही त्यासंबंधी नियम झाले आहेत, पण ते फार थोड्यांना ठाऊक आहेत. म्हणून हे लेखन.

प्रथम न्यूयॉर्कचा कायदा काय आहे ते पाहू. १५ डिसेंबर २०२२ रोजी राज्यपाल कॅथी होकुल यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि बरोबर दोन वर्षांनी, १५ डिसेंबर २०२४ रोजी, तो अमलात आला. त्यानुसार त्या राज्यातील दुकानांत कुत्री, मांजरे आणि ससे विकता येत नाहीत. दुकान चालू ठेवण्यास मनाई नाही. खाद्य, साखळ्या, औषधे, मासे, पक्षी विकता येतात, आणि एखाद्या प्राणी-निवाऱ्याला आपल्या दुकानात जागा देऊन तेथून बेवारस प्राणी दत्तक देण्याची सोयही करता येते. ज्याच्या घरी कुत्री व्याली त्याने आपल्याच आवारात वाढलेली पिल्ले थेट विकण्यास आडकाठी नाही. मधला दुकानदार तेवढा वगळला आहे.

न्यूयॉर्क हे या वाटेवरचे पहिले राज्य नव्हे. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की या शहराने २००६ साली दुकानांतील कुत्र्यामांजरांच्या विक्रीला बंदी घातली. त्यानंतर शहरामागून शहर याच वाटेने गेले. २०१७ साली कॅलिफोर्नियाने संपूर्ण राज्यापुरता तसा कायदा केला व १ जानेवारी २०१९ पासून तो लागू झाला. दुकानात केवळ निवाऱ्यातून किंवा सेवाभावी संस्थेकडून आलेलेच कुत्रे, मांजर वा ससा ठेवता येईल, अन्यथा प्रत्येक प्राण्यामागे पाचशे डॉलर दंड, अशी त्याची तरतूद होती. मेरीलँड, मेन, इलिनॉय, वॉशिंग्टन ही राज्ये मागोमाग आली. फ्रान्सने ३० नोव्हेंबर २०२१ च्या कायद्याने हेच केले आणि १ जानेवारी २०२४ पासून तेथील दुकानांच्या काचेआडून कुत्र्यामांजरांची पिल्ले नाहीशी झाली.

आता कोणीही विचारील, दुकानदाराने असे काय पाप केले? बेकरीत पाव विकतात, कोळणी मासळी विकतात, आठवडी बाजारात कोंबड्या विकल्या जातात. मग एका पिल्लावरच एवढा गहजब का?

याचे उत्तर दुकानात सापडत नाही. दुकान बहुधा स्वच्छ असते, पिल्लू गोजिरवाणे असते, मुले काचेला नाक लावून उभी असतात. उत्तर सापडते ते शेकडो मैल दूर, जेथे त्या पिल्लाची आई असते. अमेरिकेत अशा जागांना 'पपी मिल' म्हणतात, म्हणजे पिल्लांची गिरणी. मिझुरी, आयोवा, कॅन्सस, ओहायो, पेन्सिल्व्हेनिया या शेतीप्रधान राज्यांत अशी पैदास मोठ्या प्रमाणावर चालते. एकेका ठिकाणी पन्नास, शंभर, प्रसंगी त्याहूनही अधिक माद्या ठेवलेल्या असतात. प्रत्येक माजावर त्यांचा संयोग घडवला जातो, पिल्ले आठ आठवड्यांची झाली की दलाल त्यांना गाडीत घालून किनाऱ्यावरील शहरांकडे पाठवतो, आणि ज्या मादीला आता पिल्ले होत नाहीत तिला कोणी विचारीत नाही. गिऱ्हाईक त्या मादीला कधीच पाहत नाही, आणि दुकानदारही बहुधा पाहत नाही.

यावर कोणी म्हणेल, अमेरिकेसारख्या देशात कायदा नसेल काय? कायदा आहे, आणि त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९६५ साली पेन्सिल्व्हेनियातील एका कुटुंबाची 'पेपर' नावाची डाल्मेशियन कुत्री चोरीला गेली आणि न्यूयॉर्कच्या एका इस्पितळातील प्रयोगात मरण पावली. त्या घटनेने देश हळहळला. १९६६ च्या फेब्रुवारीत 'लाइफ' या सुप्रसिद्ध साप्ताहिकाने कुत्र्यांच्या व्यापाऱ्यांकडील भीषण छायाचित्रे छापली. लोकांनी आपल्या प्रतिनिधींना पत्रांवर पत्रे पाठवली आणि त्याच वर्षी कायदा झाला. तो मुळात प्रयोगशाळांसाठी होता. १९७० च्या दुरुस्तीने पाळीव प्राण्यांचा घाऊक व्यापारही त्याच्या कक्षेत आला. आज ज्याच्याकडे चारपेक्षा अधिक पैदाशीच्या माद्या आहेत आणि जो दुकानांना माल पुरवतो, त्याला केंद्रीय कृषी खात्याचा परवाना लागतो.

पण हा परवाना काय मागतो ते पाहावे. कुत्र्याच्या नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजायची, तीत सहा इंच मिळवायचे, येईल त्या संख्येचा वर्ग करायचा. तेवढी चौरस इंच जमीन त्या कुत्र्याला मिळाली पाहिजे. पिंजऱ्याची उंची त्याच्या डोक्याच्या वर सहा इंच. तीस इंच लांबीच्या कुत्रीला याप्रमाणे छत्तीस इंच लांब आणि छत्तीस इंच रुंद जागा मिळते, म्हणजे नऊ चौरस फूट. आपल्या जेवणाच्या टेबलाएवढीही नाही. अशा पिंजऱ्यात तिने सारे आयुष्य काढले तरी मालकाकडे परवाना असतो आणि दुकानातील पाटीवर 'सरकारमान्य पैदासकाराकडून' असे खरेखुरे लिहिता येते. येथेच बंदीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे बळकट होते. त्यांच्या मते तपासनीस थोडे, जागा दूर आणि नियम तोकडे असल्यामुळे आईपर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. तेव्हा मालाचे दार, म्हणजे दुकानच बंद करावे. मागणी आटली की गिरणी आपोआप थांबेल.

याला आरोग्याचीही एक बाजू आहे. २०१६ ते २०१८ या काळात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 'कॅम्पिलोबॅक्टर' या जंतूच्या साथीचा माग काढला. सतरा राज्यांतील ११३ जण आजारी पडले होते आणि त्यांचा संबंध दुकानांतील पिल्लांशी आढळला. हा जंतू नेहमीच्या अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. दाटीवाटीत वाढवायचे, लांबचा प्रवास घडवायचा, वाटेत आजारी पडू नयेत म्हणून औषधे द्यायची, यातून दुसरे काय निपजणार?

आणखी एक गोष्ट मला विशेष बोचली, कारण तिचा संबंध माणसांच्या गरिबीशी आहे. दुकानातील जातिवंत पिल्लाची किंमत हजारो डॉलर असते. ज्यांच्यापाशी तेवढे पैसे नसत त्यांना ते हप्त्यांवर, किंबहुना भाडेकरारावर दिले जाई. कुटुंबाला वाटे आपण कुत्रा विकत घेतला. कागदावर मात्र तो एखाद्या मोटारीसारखा भाड्याने घेतलेला असे. हप्ता चुकला तर कुत्रा परत नेण्याचा हक्क कंपनीचा, आणि सारे हप्ते मिळून रक्कम मूळ किमतीच्या कितीतरी पुढे जाई. मुलाने ज्याला नाव ठेवले, जो त्याच्या पायाशी झोपतो, त्याच्यावर जप्ती! नेव्हाडा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१७ साली अशा करारांना बंदी घातली. दुकान-बंदीच्या चर्चेत या गोष्टीचा उल्लेख फार क्वचित होतो. तो व्हायला हवा.

आता विरुद्ध पक्ष. तो केवळ नफेखोरांचा पक्ष आहे असे समजणे अन्यायाचे ठरेल.

दुकानदार म्हणतात, आमच्याकडे पाटी आहे, पत्ता आहे, पावती आहे. पिल्लू आजारी निघाले तर गिऱ्हाईक आमच्या दारात येऊन भांडू शकते. आम्हांला बंद केल्यावर तेच गिऱ्हाईक इंटरनेटवर जाईल, जेथे विकणारा कोण आणि कुठला हे कळण्यास मार्ग नाही. हा आक्षेप पोकळ नाही हे कॅलिफोर्नियाच्याच अनुभवाने दाखवून दिले. कायदा लागू होताच काही दलालांनी 'सेवाभावी संस्था' नोंदवल्या आणि गिरणीतीलच पिल्ले 'सोडवलेली' म्हणून दुकानांत आणली. ही पळवाट बुजवण्यासाठी २०२० साली दुसरा कायदा करावा लागला. दुकानाने अशा प्राण्यातून काही कमाई करूच नये, असे त्याने ठरवले. मग विक्री इंटरनेटवर सरकली. दूरच्या राज्यांतून आणलेली पिल्ले 'घरी वाढवलेली' म्हणून खपू लागली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दलालांच्या या ऑनलाइन विक्रीविरुद्ध तिसऱ्यांदा कायदा करणे भाग पडले. एका बंदीमागे सहा-सात वर्षांत दोन ठिगळे!

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. पैदास करणाऱ्यांमध्ये राक्षस नाहीत, शेतकरी आहेत. पेन्सिल्व्हेनिया, ओहायो व इंडियाना येथील कित्येक पैदासकार तर आमिष पंथाचे ख्रिस्ती बांधव आहेत. ते घोडागाडीतून फिरतात, साधी वस्त्रे नेसतात, घरात विजेचा दिवा लावत नाहीत. लहान शेतीवर कुटुंबाचे भागेना, म्हणून त्यांनी कुत्र्यांची पैदास जोडधंदा म्हणून धरली. गाय, डुक्कर, कोंबडी यांच्याकडे ते ज्या नजरेने पाहतात त्याच नजरेने कुत्रीकडे पाहतात. शहरातील माणसाला कुत्रा घरचा सदस्य वाटतो, शेतकऱ्याला तो गोठ्यातील जनावर वाटतो. या वादाच्या तळाशी शहर आणि खेडे यांच्यातील हे अंतर आहे. मिझुरीत ते उघड दिसले. नोव्हेंबर २०१० मध्ये तेथील मतदारांनी एका पैदासकाराकडे पन्नासपेक्षा अधिक पैदाशीची कुत्री नसावीत अशा प्रस्तावाला निसटत्या बहुमताने मान्यता दिली. मते पडली ती शहरांतून, आणि खेड्यांनी विरोध केला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने त्या कायद्यातील मुख्य कलमे काढून टाकली. ओहायोने २०१६ साली आणखी पुढे जाऊन शहरांनी अशी दुकान-बंदी करूच नये, असा राज्याचा कायदा केला.

न्यायालयांनी काय म्हटले? शिकागो शहराने २०१४ साली केलेल्या अध्यादेशाविरुद्ध दुकानदार आणि पैदासकार न्यायालयात गेले. परराज्यातील व्यापारावर हा अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २०१७ साली केंद्रीय अपील न्यायालयाने ते फेटाळले. शहरातला असो की बाहेरचा, नियम सर्वांना सारखाच लागू आहे, तेव्हा राज्यघटनेचा भंग होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय.

इंग्लंडने जो मार्ग घेतला तो मला अधिक सरळ वाटतो. त्यामागेही एक कुत्री आहे. तिचे नाव लूसी. वेल्समधील पैदास केंद्रातून २०१३ साली तिला सोडवले तेव्हा वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहून आणि पिल्ले देऊन तिचा पाठीचा कणा वाकलेला होता, केस झडलेले होते. २०१६ साली ती मेली. मार्क अब्राहम या पशुवैद्याने तिच्या नावाने मोहीम चालवली आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये 'लूसीचा कायदा' लागू झाला. वेल्स आणि स्कॉटलंडने २०२१ मध्ये तसेच केले. सहा महिन्यांखालील कुत्र्याचे वा मांजराचे पिल्लू मधल्या माणसाने विकायचे नाही, एवढेच त्याचे सार. घ्यायचे तर ज्याच्याकडे ते जन्मले त्याच्याकडे जा, आणि ते आईजवळ असताना पाहा. नाहीतर निवाऱ्यातून दत्तक घ्या. येथे दुकान हा शत्रू मानलेला नाही. आई दिसली पाहिजे, ही अट आहे. टाळेबंदीच्या काळात घरी बसलेल्या लोकांनी पिल्लांसाठी झुंबड केली, किमती वाढल्या, आणि परदेशातून चोरट्या मार्गाने पिल्ले आली हे खरे. तरीही गिऱ्हाइकाच्या हाती एक साधा प्रश्न देणारा कायदा मला शहाणपणाचा वाटतो. फ्रान्सनेही एक चांगली गोष्ट केली आहे. तेथे प्रथमच प्राणी घेणाऱ्याला त्याच्या गरजा व खर्च आपण जाणतो अशा लेखावर सही करावी लागते, आणि सहीनंतर सात दिवस थांबावे लागते. सात दिवसांत पुष्कळांचा हट्ट ओसरत असावा.

एक गोष्ट मात्र या सर्व कायद्यांत मला अपुरी वाटते. कुत्री, मांजरे, फार तर ससे. पक्ष्यांचे काय? माशांचे काय? सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०१० च्या सुमारास प्राणिकल्याण समितीने गोल्डफिशसह सगळ्याच पाळीव प्राण्यांच्या विक्रीवर बंदीची चर्चा केली, तेव्हा जगभर हसू झाले आणि ती बारगळली. ज्याचे डोळे आपल्या डोळ्यांत पाहतात त्याच्यापुरतीच आपली दया धावते, असे दिसते.

आता आपल्या श्रद्धेच्या उजेडात या प्रश्नाकडे पाहू. प्रभू येशूच्या काळी बाजारात चिमण्या विकत असत. मत्तयच्या शुभवर्तमानात भाव आहे एका नाण्याला दोन. लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. हिशेब केला तर पाचवी चिमणी फुकट पडते, वरकड म्हणून टाकलेली. बाजारात जिची किंमत शून्य झाली तिचाही पित्याला विसर पडत नाही, असे प्रभू सांगतो. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. प्रभूने विक्रेत्याला दोष दिलेला नाही. आणि त्याच बोलण्यात माणसाचे मोल अनेक चिमण्यांहून अधिक असल्याचेही तो सांगतो. मंदिरातून कबुतरे विकणाऱ्यांना त्याने हाकलले त्या प्रसंगाचा आधार काही प्राणिप्रेमी घेतात. तो मला ओढाताणीचा वाटतो. तेथे प्रश्न पित्याच्या घराच्या पावित्र्याचा होता.

जुन्या करारात मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये अशी आज्ञा आहे, आणि नीतिसूत्रांत नीतिमान माणसाची ओळख तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो अशी दिली आहे. तरुण तोबीया प्रवासास निघाला तेव्हा देवदूताबरोबर त्याचा कुत्राही होता. संत रोक यांच्या पुतळ्याच्या पायाशी बसलेला कुत्रा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. लिमा शहरातील संत मार्टिन डी पोरेस हे आजारी कुत्र्यामांजरांचीही शुश्रूषा करीत. रोममध्ये दरवर्षी १७ जानेवारीला, मठवासी संत अँथनी यांच्या सणाला, जनावरांना आशीर्वाद दिला जातो.

'कॅटेकिझम' या नावाने आपण ओळखतो त्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात २४१५ ते २४१८ या परिच्छेदांत या विषयाची शिकवण आहे. प्राणी देवाची निर्मिती आहेत, आपण त्यांना दया देणे लागतो. त्यांना पाळून काम आणि विरंगुळा यासाठी साहाय्य घेणे उचित आहे. त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभणारे नाही. आणि शेवटी एक बोचरी गोष्ट, जी प्राणिप्रेमी सहसा वाचत नाहीत : ज्या पैशावर गरिबांच्या दुःखाचा पहिला हक्क आहे तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच अयोग्य, आणि माणसाला द्यायचे प्रेम त्यांच्याकडे वळवू नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाऊदातो सी' या परिपत्रकात निर्मितीवरील क्रौर्याचा निषेध केला. त्याच पोप महाशयांनी मे २०२३ मध्ये सांगितलेला प्रसंग अनेकांना झोंबला : एका स्त्रीने 'माझ्या बाळाला' आशीर्वाद द्या म्हणून पिशवी उघडली, तर आत लहानसा कुत्रा! त्यांनी तिला चांगलेच सुनावले. या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही. कुत्र्याला मूल करणारा आणि कुत्रीला यंत्र करणारा, दोघेही तिला ती आहे तशी पाहत नाहीत.

माझ्या मते बंदीमागचा हेतू योग्य आहे. केवळ दुकानाच्या काचेवर पडदा टाकणारी आणि पिंजऱ्यापर्यंत न पोहोचणारी बंदी मात्र अर्धवट आहे. ज्या शेतकऱ्याचा जोडधंदा जातो त्याला दुसरा मार्ग दाखवणे हेही कायदा करणाऱ्याचे काम आहे, आणि ते फारसे कोठे झालेले दिसत नाही.

आपल्याकडे काय आहे? आपल्या देशात दुकानातील विक्रीवर सरसकट बंदी नाही, परंतु नियम आहेत. मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. राज्यसभेच्या सदस्य असलेल्या विख्यात नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी पूर्वी खासगी विधेयक आणले होते. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपये. त्या काळी ती रक्कम काही कमी नव्हती; आज तेवढ्यात चहा आणि वडापावही जेमतेम येतो. २०२२ साली दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध झाला होता.

याच कायद्याखाली २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम झाले. पैदास करणाऱ्याने आणि दुकानदाराने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत तिची पैदास करायची नाही, आणि आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेळा तिला विऊ द्यायचे नाही. राघू, मैना, मुनिया या आपल्या पक्ष्यांची विक्री तर १९९०-९१ पासून पूर्णपणे बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने राघू पिंजऱ्यात ठेवणे हाच गुन्हा आहे. हे वाचून आपल्या काही घरांच्या ओटीवरील पिंजरे आठवले असतील, मलाही आठवले.

अमेरिकेचा कायदा जसाच्या तसा येथे आणावा असे मात्र मी म्हणणार नाही. तेथे रस्त्यावर कुत्रा दिसत नाही, बेवारस कुत्री निवाऱ्यांत असतात, आणि एका मोठ्या प्राणिकल्याण संस्थेच्या २०१९ च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे नऊ लाख वीस हजार कुत्र्यामांजरांना तेथे सुईने मरण दिले जात होते. दुकानातून पिल्लू घेण्याऐवजी निवाऱ्यातून घ्या, या हाकेला तेथे अर्थ आहे तो यामुळे. आपले निवारे म्हणजे आपले रस्ते. दिल्लीतील भटक्या कुत्र्यांवरून ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिलेला आदेश अकरा दिवसांत बदलला, यावरून तो प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे हे दिसते. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.

जानेवारीत तो तरुण पुन्हा भेटला, तेव्हा मी त्याला धर्मग्रंथातील वचने ऐकवली नाहीत. एवढेच विचारले, "तू विकतोस त्या पिल्लांची आई तू कधी पाहिली आहेस का?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही, फादर. एक माणूस रात्री टेम्पोने आणून देतो. मी फोन करतो, तो आणतो. किती दिवसांची आहेत विचारले तर दोन महिन्यांची म्हणतो. खरे सांगायचे तर काही तेवढी वाटत नाहीत."

त्याच्या घरात आई आहे, शाळेत जाणारी दोन मुले आहेत आणि दुकानाच्या गाळ्याचे भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचे असते. पिल्ले बंद केली तर मिळकतीचा मोठा हिस्सा जातो, हे त्याने मला वहीतील आकडे दाखवून सांगितले. नोंदणीचा अर्ज त्याने भरला आहे. त्या टेम्पोवाल्याकडून पैदासकाराचा पत्ताही मिळवला आहे. ठिकाण दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहे. येत्या सोमवारी दुकानाची सुट्टी असते, त्या दिवशी तो तेथे जाणार आहे. "फादर, तुम्ही बरोबर याल का?" असे त्याने विचारले. मी हो म्हटले आहे.